यादीतलं पहिलं नाव

“तुमचा तो पॅच आज संध्याकाळपर्यंत टाकून घ्या,” पाथरकर साहेब म्हणाले. “लेखी परवानगी देतो. सही, शिक्का, काय लागेल ते.”

मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. बसा म्हणायची त्यांची पद्धत नव्हती, आणि त्या दिवशी मला बसायचंही नव्हतं.

“आजच का?” मी विचारलं.

“का म्हणजे? तुम्हीच डोकं खात होता ना माझं? ठिगळ, ठिगळ, ठिगळ.”

“सहा आठवडे खात होते. आज का?”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. “उद्या अकराला उमरीकर बाई चौकशीला येताहेत. यंत्रणा सुरक्षित आहे का, असं त्यांनी विचारलं तर आहे म्हणून सांगता आलं पाहिजे मला. एवढंच.”

एवढंच नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा आमच्या गावच्या नगरपालिकेत, पाणीपुरवठा विभागाच्या संगणक कक्षाची प्रमुख होते. प्रमुख म्हणजे कक्षात मी एकटीच. पाथरकर साहेब उपअभियंता, निवृत्तीला अकरा महिने राहिलेले. गावाला पाणी चढवणारे पंप दोन सर्व्हर चालवायचे. टाकीत पाणी किती आहे, नदीवरचा पंप कधी लावायचा, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे सगळं त्यांच्यात होतं. आणि त्या दोन सर्व्हरवर देखरेख ठेवायला एक वेगळं सॉफ्टवेअर होतं. त्यात नाव आणि पासवर्ड टाकला की हात न लावता, बसल्या जागेवरून सर्व्हर चालू-बंद करता यायचे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची सूचना आली. पासवर्ड तपासणाऱ्या भागात चूक सापडली आहे, सोबतची दुरुस्ती ताबडतोब बसवा. तीन पानं, इंग्रजीत. आमच्याकडे वरिष्ठांना पत्र मराठीतच लिहायचा दंडक होता, म्हणून मी लिहिलं, ‘प्रवेश तपासणीत छिद्र आढळले असून त्यास तातडीने ठिगळ लावणे आवश्यक आहे. त्यासाठी यंत्रणा दोन तास बंद ठेवण्याची परवानगी मिळावी.’

आवक विभागातल्या बाबूने छिद्र आणि ठिगळ हे दोन शब्द वाचले आणि पत्र गळती दुरुस्ती पथकाकडे पाठवून दिलं. दहा दिवसांनी ते शेरा मारून माझ्याकडे परत आलं. ‘छिद्राचे निश्चित ठिकाण, गल्ली व वॉर्ड क्रमांक कळवावा. पथक रवाना करण्यात येईल.’

पहिल्यांदा मीही हसले. मग स्मरणपत्र लिहिलं, मग दुसरं, मग तिसरं. दर वेळी साहेबांकडून एकच उत्तर यायचं. उन्हाळ्याच्या तोंडावर दोन तास यंत्रणा बंद ठेवली तर नगरसेवक मला फाडून खातील, पावसाळ्यात बघू.

आणि मग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, दोन्ही सर्व्हर बंद पडले. पडले नाहीत, कोणीतरी बंद केले. त्यानंतर पंप लागलेच नाहीत. एका सर्व्हरची डिस्क त्या झटक्यात गेली. नवी डिस्क येऊन सगळं पूर्ववत होईपर्यंत बुधवारची दुपार झाली, आणि तोवर अर्ध्या गावाच्या नळाला थेंब नव्हता. नोंदवहीत, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः ठेवतं त्या नोंदींत, स्पष्ट लिहिलेलं होतं: सोमवार, दोन दहा, अढाऊ के., दोन्ही सर्व्हर बंद.

अढाऊ के. म्हणजे कुमुद अढाऊ. आमच्या नियंत्रण खोलीत दिवसपाळीला बसणारी, नऊ वर्षं कंत्राटावर काम करणारी बाई. पडद्यावर टाकीची पातळी बघायची आणि पंप लावायचे-थांबवायचे, हे तिचं काम. तिच्यावर आळ यायला तेवढी नोंदही पुरली असती, पण त्यात आणखी एक भर होती. आदल्या शनिवारी साहेबांनी तिची रजा नाकारली तेव्हा ती पाचसहा जणांसमोर म्हणाली होती, “एक दिवस पानी बंद करून दाखवतो, मग कडंल यायले आमी काय काम करतो ते.”

आता सगळ्यांना तेवढंच आठवत होतं. मंगळवारी तिला कामावरून थांबवलं. त्याच संध्याकाळी तिच्या गल्लीतल्या बायका रिकामी मडकी घेऊन तिच्या दारात आल्या आणि एकीने मडकं उंबऱ्यावर आपटून फोडलं. शुक्रवारच्या चौकशीत दोष सिद्ध झाला की पोलिसात तक्रार द्यायची, असं ठरलेलं होतं.

“साहेब,” मी म्हणाले, “आज दुरुस्ती केली तर ते छिद्र बुजेल. उद्या ते कुणाला दाखवता येणार नाही. राहील फक्त कुमुदचं नाव.”

“मग राहू दे की. तिनं केलं असेल तर राहायलाच पाहिजे.”

“तुम्हाला वाटतं तिनं केलं?”

“मला काय वाटतं याला काय अर्थ आहे, मॅडम? नोंद आहे. कॉम्प्युटरची नोंद आहे. तुम्हीच तर सांगता ना, माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही.”

मी असं कधीच म्हटलेलं नव्हतं. माझी कानशिलं तापली. लहान मुलांना गणितं शिकवायची मला आवड. क्वार्टर्समधली पोरं रविवारी माझ्याकडे यायची, आणि तेच गणित सातव्यांदा समजावून सांगतानाही माझा आवाज चढायचा नाही. त्या दिवशी मात्र, आवाज चढू नये म्हणून मला टेबलाची कड धरावी लागली.

“मी विचार करून सांगते,” म्हणून मी बाहेर पडले.

कुमुद जिन्याच्या पायऱ्यांवर बसली होती. तिला आत यायला मनाई होती, पण चौकीदाराने नऊ वर्षांची ओळख धरून जिन्यापर्यंत सोडलं होतं. मला बघून उठली.

“ताई, एक विचारू का? कॉम्प्युटर खोटं बोलते का?”

“खोटं बोलत नाही. पण त्याला जे सांगितलं ते खरं मानतं.”

“म्हंजे?”

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. “असं समज, आपल्या फाटकावरचा चौकीदार पास बघितल्याशिवाय कुणाला सोडत नाही. बरोबर? पण एखादा आला आणि म्हणाला, माझा पास मघाशीच दाखवून झालाय, तर हा चौकीदार म्हणतो, बरं, जा. आणि नाव काय? तो म्हणेल ते नाव वहीत लिहून घेतो.”

“तोंड बी नाई बघत?”

“त्याला डोळे नाहीत, कुमुद. हेच ते छिद्र. कुणीही, कुठूनही, कुठल्याही गावातून आत येऊ शकत होतं, आणि वाटेल ते नाव सांगू शकत होतं.”

ती म्हणाली, “पण मंग माहंच नाव काऊन? मी कोनाचं काय घोडं मारलं?”

“आत आलेल्याला आपल्या सगळ्यांच्या नावांची यादी दिसते. इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेली. अढाऊ सगळ्यात वर आहे. त्यानं पहिलं नाव उचललं.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. ते हसू बघवत नव्हतं. “शाळेत बी असंच होतं पाहा. हजेरीत पह्यलं नाव माहं. बाई वर्गात आल्या की पह्यला सवाल मलेच, आन् पह्यली छडी बी मलेच.” पदराने तोंड पुसून ती म्हणाली, “माही पोरगी तीन दिवस झाले शाळेत नाई गेली, ताई. पोरं तिले म्हन्तात, तुही माय पानीबंद बाई.”

“उद्या अकराला ये,” मी म्हणाले. “तुला बोलावलंच आहे ना? ये आणि माझ्या शेजारी उभी राहा.”

मी परत साहेबांच्या खोलीत गेले. ते फोनवर होते. मी त्यांचा फोन संपायची वाट बघितली नाही.

“उद्याची चौकशी होईपर्यंत मी पॅच टाकणार नाही.”

त्यांनी फोन खाली ठेवला. “काय म्हणालात?”

“कंपनीची सूचना कागदावर आहे. तुम्ही उद्या म्हणाल, हा कागद दुसऱ्याच कुठल्या यंत्रणेबद्दल आहे. म्हणून उमरीकर बाईंना मी ते छिद्र डोळ्यांनी दाखवणार आहे.”

“आणि तोवर परत कुणी आत घुसलं तर? परत दोन दिवस पाणी बंद पडलं तर? मग नोटीस कुणाला देऊ मी? तुम्हाला?”

“घुसणार नाही. देखरेखीच्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडणारी एकच तार आहे. ती मी आता काढून ठेवते. पंपांना त्यानं काही होत नाही.”

“परस्पर?” ते म्हणाले.

हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला होता. तीन वर्षांपूर्वी मी एकदा सर्व्हर न विचारता बंद करून चालू केला होता, आणि नगराध्यक्षांच्या वॉर्डात पाणी चाळीस मिनिटं उशिरा गेलं होतं. तेव्हा त्यांनी मला मेमो दिला होता, ‘परस्पर निर्णय घेतल्याबद्दल खुलासा करावा.’ त्यानंतर मी कागदाशिवाय एक बटण दाबलेलं नव्हतं.

“हो, परस्पर,” मी म्हणाले.

“धर्माळे मॅडम, तुम्हाला माहीत आहे का तुम्ही कुणासाठी स्वतःची नोकरी पणाला लावताय? एका कंत्राटी बाईसाठी.”

“तुम्ही तिची नोकरी कुणासाठी पणाला लावताय ते मला माहीत आहे,” मी म्हणाले आणि सर्व्हरच्या खोलीत जाऊन ती निळी तार उपटून काढली. काढताना मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं.

शुक्रवारी उमरीकर बाई बरोबर अकराला आल्या. जिल्ह्याच्या कार्यालयातून आलेल्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. चष्मा गळ्यात साखळीला लटकवलेला. त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं आणि थेट नियंत्रण खोलीत येऊन बसल्या. पाथरकर साहेब त्यांच्या उजव्या हाताला, मी समोर, आणि कुमुद दाराजवळ उभी. तिला बसायला कुणी सांगितलं नाही. मी माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली, तर तिने मानेनेच नको म्हटलं.

साहेबांनी नोंदीचा छापील कागद पुढे केला. शनिवारी कुमुद काय म्हणाली होती तेही सांगितलं, दोन साक्षीदारांच्या नावांसकट.

“तुम्ही असं म्हणाला होतात?” उमरीकर बाईंनी कुमुदला विचारलं.

“म्हनलो होतो मॅडम. रागात म्हनलो होतो.”

“आणि सोमवारी दोन वाजून दहा मिनिटांनी कुठे होतात?”

“डबा खात होतो. याच खोलीत.”

“एकट्याच?”

“एकटीच.”

साहेबांनी मान हलवली. मी म्हणाले, “मॅडम, मला पाच मिनिटं द्या. आणि तुम्ही इथे माझ्या जागेवर येऊन बसा.”

मी लॅपटॉप तारेच्या एका तुकड्याने थेट त्या यंत्रणेला जोडला होता, बाहेरचं काही नाही. उमरीकर बाई येऊन बसल्या. चौकीदाराची गोष्ट मी त्यांनाही सांगितली, जशी कुमुदला सांगितली होती. मग पडद्यावर नावांची यादी उघडून दाखवली.

“यातलं कुठलंही नाव निवडा.”

त्यांनी चष्मा लावला. अढाऊ पहिलं होतं. त्याखाली आणखी चार, मग धर्माळे, आणि शेवटून दुसरं पाथरकर. त्यांनी थोडा वेळ यादी वाचली आणि शेवटून दुसऱ्यावर बोट ठेवलं.

“आता पासवर्ड?”

“पासवर्ड नको. हे बटण दाबा.”

त्यांनी दाबलं. यंत्रणेचं दार उघडलं. मी त्यांना शेजारच्या खिडकीतल्या नोंदी दाखवल्या. तिथे नवी ओळ आली होती. शुक्रवार, अकरा बत्तीस, पाथरकर डी., प्रवेश.

“आता मी इथून सर्व्हर बंद करू शकते?” उमरीकर बाईंनी विचारलं.

“करू शकता. आणि नोंद साहेबांच्या नावाने होईल.”

“पण मी तर इथे उभा आहे,” पाथरकर साहेब म्हणाले. “मी कशाला हात लावलाय? सगळ्यांच्या समोर उभा आहे मी.”

“अढाऊ बाईही त्या वेळी डबाच खात असतील,” उमरीकर बाई म्हणाल्या. त्यांनी छापील कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये न ठेवता टेबलावर बाजूला सारली. “या कागदाला काही अर्थ नाही. तक्रार वगैरे काही करायची नाही. त्यांना आजपासून कामावर घ्या.”

कुमुदने दाराच्या चौकटीला हात टेकला. मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही.

माझं मात्र अजून संपलेलं नव्हतं. सहा आठवड्यांचा राग मी याच खोलीत ओतायचा ठरवून आले होते. फाइल उघडून मी एकेक पत्र काढून टेबलावर ठेवलं. पहिलं, त्यावर गळती पथकाचा शेरा. मग स्मरणपत्र एक, दोन, तीन. सगळ्यांवर आवक शिक्के, सगळ्यांवर तारखा.

“मला पहिलं पत्र मिळालंच नाही,” साहेब म्हणाले. “ते गळतीकडे गेलं होतं.”

“बाकीची तीन मिळाली ना?” मी म्हणाले. “त्यावर तुमचीच सही आहे. पावसाळ्यात बघू, असं तुमच्याच अक्षरात आहे. तुम्ही बघितलं असतं तर या बाईच्या उंबऱ्यावर मडकं फुटलं नसतं.”

साहेबांचा चेहरा उतरला होता, आणि मला त्याचा आनंद झाला. हे खरं आहे म्हणून लिहिते आहे.

उमरीकर बाई पत्रं वाचत होत्या. चौथा कागद वाचून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“ही दुरुस्ती आत्तापर्यंत केलेली नाही. बरोबर?”

“नाही. तुम्हाला ते छिद्र दाखवायचं होतं म्हणून.”

“मग काल दुपारपासून आतापर्यंत बाहेरून कुणी आत येऊ नये म्हणून काय केलंत?”

“तार काढून ठेवली.”

“ती काढायला परवानगी होती?”

“नव्हती.”

“त्याने पंप थांबले?”

“नाही. पंपांचा त्या तारेशी संबंध नाही.”

“मग फेब्रुवारीत का नाही काढलीत?”

मी तोंड उघडलं. मेमोबद्दल सांगायचं होतं. ‘परस्पर’ या शब्दाबद्दल सांगायचं होतं. पण कुमुद दारातून माझ्याकडे बघत होती, आणि ते शब्द तिच्यासमोर बाहेर पडेनात. खरं कारण तेवढंच नव्हतंही. प्रत्येक स्मरणपत्र लिहिताना मला बरं वाटायचं. आपण बरोबर आहोत याचा आणखी एक कागद फाइलला लागायचा. काहीतरी घडेल आणि मग हे सगळे कागद मी साहेबांच्या टेबलावर मांडीन, हे दृश्य मी मनात कितीतरी वेळा पाहिलं होतं. आज ते तंतोतंत तसंच घडलं होतं. त्या दृश्यात एवढे दिवस कुमुद मात्र कुठेच नव्हती.

“परवानगी नव्हती,” मी म्हणाले.

उमरीकर बाईंनी आम्हा तिघांच्या सह्या घेतल्या आणि साहेबांना बरोबर घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या. जाताना म्हणाल्या, “आता ती दुरुस्ती करून टाका.”

खोलीत आम्ही दोघीच उरलो. कुमुद तिच्या जागेवर जाऊन बसली. टाकीची पातळी बघितली आणि वहीत लिहिली, चार दिवस मध्ये गेलेच नाहीत अशी.

“यंत्रणा दोन तास बंद ठेवावी लागेल,” मी म्हणाले. “पाणी कधी थांबवलं तर चालेल?”

“टाकी दुपारी बारा ते तीन पूर्ण भरलेली असते,” ती म्हणाली. “रोज. त्या वेळात पंप बंदच असतात.”

“रोज?”

“रोज. नऊ वर्षं.”

हे मला माहीत नव्हतं. पंप कधी चालतात हे मी कधी तिला विचारलंच नव्हतं. माझ्या पत्रात मी दोन तास लिहिले होते ते अंदाजाने, हाताशी जास्त वेळ असावा म्हणून.

बारा वाजल्यावर मी दुरुस्ती सुरू केली. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. कुमुद खुर्ची वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. तिला काहीतरी सांगायला हवं होतं. मी दोनदा तिच्याकडे वळले आणि दोन्ही वेळा पट्टीकडे परत बघितलं. मुलांना शिकवताना मी नेहमी सांगायचे की चूक केली तर ती मोठ्याने म्हणायची, मग ती अर्धी होते. मला ती पुटपुटतासुद्धा आली नाही.

पट्टी शेवटाला टेकली. सर्व्हर पुन्हा चालू झाला. यादीतून नाव निवडून मी बघितलं. या वेळी दार उघडलं नाही. पासवर्ड विचारला.

“झालं,” मी म्हणाले.

कुमुदने घड्याळावरची नजर काढली आणि वहीत वेळ लिहिली.

“अकरा मिनिटं लागली, मॅडम,” ती म्हणाली.

नऊ वर्षांत तिने मला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं.